जुना मोबाईल काउंटरवर ठेवण्याआधी

गेल्या महिन्यात आमचा मोबाईल गेला. चोरीला नव्हे, कामातून गेला. सहा वर्षे वापरला, दोनदा बॅटरी बदलली, कोपऱ्याला तडा होता तरी चालवत होतो. कोर्टाच्या जिन्यावर हातातून निसटला आणि पडद्यावर काळी शाई पसरावी तसे झाले. फोन वाजत होता, पण कोणाचा आहे ते दिसत नव्हते. दोन दिवस पक्षकारांनी आणि कार्यकर्त्यांनी शिव्या घातल्या असतील. तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, आता रिपेरिंगच्या भानगडीत पडू नका, नवीनच घेऊन टाका." म्हणून इंदोऱ्याहून बर्डीवर गेलो.

दुकानातला पोरगा हुशार होता. आम्ही किंमत विचारण्याआधीच त्याने हप्ता सांगितला. मग आमच्या जुन्या फोनकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, हा एक्स्चेंजमध्ये टाका, अकराशे लावून देतो. डिस्प्ले गेलाय, तुमच्या काय कामाचा आता?" खरे सांगतो, आम्ही सिम काढून फोन काउंटरवर ठेवलाही होता. अकराशे रुपये वाईट नव्हते. तेवढ्यात आठवले आणि आम्ही फोन उचलून खिशात टाकला. पोराला वाटले असेल, वकील घासाघीस करतोय.

त्या फोनमध्ये तीन मिनिटांची एक चित्रफीत आहे. स्मशानभूमीच्या रस्त्यावरून एका गावात वाद झाला होता, म्हणून आम्ही काही कार्यकर्ते तिथे गेलो होतो. बौद्ध वस्तीतला एक म्हातारा बाप्या आमच्याशी बोलत असताना चार गावगुंड आले आणि भर चौकात, पन्नास माणसांसमोर, त्याला जातीवरून जे बोलायचे ते बोलले. आम्ही मोबाईल काढला आणि चित्रण केले. त्या खटल्यात आम्ही वकीलपत्र घेतलेले नाही, कारण आम्ही स्वतः साक्षीदार आहोत. साक्ष अजून व्हायची आहे. आणि ज्या यंत्राने ते चित्रण झाले ते यंत्र आम्ही अकराशे रुपयांना विकायला निघालो होतो! वीस वर्षे वकिली करणाऱ्याची ही कथा, तर वस्तीतल्या बी.ए. झालेल्या पोराला काय बोलायचे?

काही वाचक म्हणतील, चित्रफीत व्हॉट्सॲपवर शंभर लोकांना गेलेली असते, मग फोन कशाला जपायचा? इथेच आपली माणसे फसतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेली चित्रफीत दाबून लहान केलेली असते आणि ती केव्हा, कशावर चित्रित झाली याच्या खुणा तिच्यातून गळून गेलेल्या असतात. आरोपीचा वकील उभा राहून एवढेच विचारतो, ही मूळ फीत कुठे आहे? कोणी काढली? मध्ये काही कापले कशावरून नाही? या प्रश्नांना "ग्रुपवर आली होती" हे उत्तर चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. प्रकरण आपल्याच जालन्याच्या निवडणुकीचे होते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नक्कल हजर करायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागतेच, असे न्यायालयाने म्हटले. पण ज्याच्या मालकीच्या फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये ती माहिती मुळात साठवली गेली, तो मालक स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, ते उपकरण माझेच आहे आणि मीच ते वापरतो हे त्याने सिद्ध केले आणि मूळ वस्तूच कोर्टापुढे ठेवली, तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे. याचा अर्थ आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. पडदा फुटलेला, कोणी भंगारातही घेणार नाही असा तुमचा फोन हाच मूळ दस्तऐवज आहे. तो कपाटात असेल तर तुमची बाजू भक्कम आहे, आणि तो दुकानदाराच्या खोक्यात गेला असेल तर तुम्ही नकलेवर आणि प्रमाणपत्रावर अवलंबून आहात.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्या दिवशी जी प्रकरणे चालू होती त्यांना जुनाच कायदा लागू आहे. नव्या कायद्याच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र दोन भागांत आहे. एक भाग फोनधारकाने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फोनची कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय क्रमांक विचारला आहे आणि फाईलचे 'हॅश' मूल्यही द्यायचे आहे. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. आत एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलेला माणूस हा रकाना कशाच्या आधारे भरणार? त्याला जुन्या फोनचा आयएमईआयसुद्धा आठवत नसतो. तो खोक्यावर छापलेला असतो आणि खोके आपण पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत फेकून देतो.

ॲट्रॉसिटीच्या प्रकरणांत तर या गोष्टीवर खटला उभा राहतो किंवा पडतो. जातीवरून केलेला अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' घडला हे सिद्ध करावे लागते. गावातला साक्षीदार फितूर होतो. त्याला त्याच गावात राहायचे असते, त्याच पाटलाच्या शेतात जायचे असते. यंत्र फितूर होत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले तेव्हा त्या गावात कोणाच्या हाती कॅमेऱ्याचा मोबाईल होता? भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी धरले, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही, ही जखम समाज विसरलेला नाही. याउलट ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना मारहाण झाली, तिचे चित्रण मारणाऱ्यांनीच मोठ्या मिजाशीत केले आणि तेच चित्रण देशभर त्यांच्या विरोधात बोलले. आता तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ पोलिसांनाच सांगते की झडती-जप्तीचे चित्रण करा, शक्यतो मोबाईलने करा. सरकारला मोबाईलचे मोल कळले, आम्हाला मात्र अजून तो रिचार्जपुरताच कळतो.

तेव्हा जुना फोन बंद पडला, तर आधी आत काय आहे ते आठवा. खटल्याशी संबंधित काही असेल तर तो विकू नका, एक्स्चेंजला देऊ नका आणि 'रिसेट' तर मुळीच मारू नका. पडदा गेला म्हणून आतले जात नाही, पडदा बदलून घेता येतो. दुरुस्ती समोर बसून करून घ्या, पावती घ्या. मूळ फाईल केबलने काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग सिम काढून फोन पाकिटात घाला, पाकिटावर मॉडेल, आयएमईआय, तारीख लिहून सही करा. मधूनमधून चार्ज करा. बॅटरी फुगली असेल तर मात्र ती काढून घ्या, पुरावा जपताना घर पेटवायचे नाही.

आत असले काही नसेल तर फोन खुशाल विका, पण पुसून विका. कार्यकर्त्याच्या फोनमध्ये काय नसते? सभासदांची यादी, विहाराच्या वर्गणीचा हिशोब, पोरांच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे, जातीचे दाखले, आणि कधी कधी अत्याचारित भगिनीचा जबाबही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि आम्ही तीच ओळख एका अनोळखी दुकानदाराच्या हवाली करून हजार रुपये कमी झाले म्हणून खूश होतो. खात्यांतून बाहेर पडा, कार्ड काढा, सगळे पुसा, मगच द्या.

राहिला नवा फोन. आम्ही सहा दुकाने फिरलो. सगळीकडे कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगितले गेले, पण एकाही दुकानात सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार हे सांगता आले नाही. आमच्या मते पहिला प्रश्न तोच आहे. काही कंपन्या सहा-सात वर्षे अपडेट देतात, स्वस्तातल्या पुष्कळ फोनना दोन-तीनच वर्षे मिळतात. म्हणजे दोन हजार वाचवून घेतलेला फोन निम्म्या काळात उघड्या दाराच्या घरासारखा होतो. दुसरी गोष्ट साठवणीची. नेहमीच्या चित्रणाला मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे एमबी लागतात. मोर्च्याच्या ऐन वेळी "जागा शिल्लक नाही" हा संदेश ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगायला नको. १२८ जीबीच्या खाली जाऊ नये, मेमरी कार्डाची सोय असेल तर उत्तम. बॅटरी टिकाऊ पाहावी आणि दुरुस्तीचे केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का ते विचारावे. घरी आल्यावर तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवावी. चित्रणावरची वेळ चुकली की उलटतपासणीत तासभर जातो.

हप्त्याबद्दल बोलायचे तर 'शून्य व्याज' या शब्दांवर भाळू नका, फाईल चार्ज किती आणि विमा न विचारता जोडला आहे का ते कागदावर पाहा. हप्ता थकला की फोनच कुलूपबंद करणारी ॲप काही सावकार टाकून देतात. पोटावर मारण्याचा हा नवा प्रकार आहे, कारण आज रोजंदारीचा निरोपही फोनवर येतो आणि शिष्यवृत्तीचा ओटीपीही. १४ एप्रिल जवळ आली की बाजारात निळे बॅनर लागतात, त्यावर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली सवलत. ज्यांनी आयुष्यभर पैसा पुस्तकांत घातला त्यांच्या नावाने ही विक्री चालते. असो.

जुना फोन विकत घेणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. आमच्या वस्तीत निम्मे फोन सेकंडहँड असतात, त्यात कमीपणा काही नाही. पण स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. केवायएम, एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की तो फोन काळ्या यादीत आहे का ते कळते. मे २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या संचार साथीवरही हे पाहता येते. चोरीचा फोन आपल्या पोराच्या खिशात सापडला तर पोलीस आधी आडनाव विचारतात, हे आम्ही वीस वर्षे पाहत आहोत. म्हणून विकणाऱ्याकडून लिहून घ्या, त्याच्या ओळखपत्राची नक्कल घ्या.

नव्या फोनचे पक्के बिल न सोडणे हे तर आलेच. "जीएसटी वाचवून देतो साहेब" म्हणणारा दुकानदार १८ टक्के कर स्वतः वाचवतो आणि तुमचा दावा बुडवतो. मागूनही बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. याच कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. त्याआधी १९१५ वर फोन करून पाहावा, पुष्कळ वेळा तेवढ्याने काम होते.

आणखी एक. भंगारात गेलेला फोन कोण फोडतो? २०२२ च्या ई-कचरा नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. प्रत्यक्षात कचऱ्याच्या ढिगावर कोणत्या समाजाच्या बाया असतात हे सांगायला हवे का? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तेव्हा तिच्यातल्या बहुसंख्य बाया कोण होत्या ते विचारा. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकणारा कार्यकर्ता आपल्याच मावशीच्या हातात ती टाकत असतो. कंपनीच्या केंद्रात नाहीतर अधिकृत संकलकाकडे नेऊन द्यावी.

आम्ही शेवटी मधल्या किमतीचा एक फोन रोखीने घेतला, पक्के बिल घेतले आणि खोके कपाटावर ठेवले. जुन्याचा पडदा चौदाशेला बदलला. भाचा हसला, "मामा, अकराशेच्या फोनला चौदाशे?" चित्रफीत लावून दाखवली तेव्हा गप्प झाला. म्हाताऱ्या बाप्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. फोन आता सही केलेल्या पाकिटात आहे, पुढच्या महिन्यात साक्षीची तारीख आहे, आदल्या रात्री तेवढा चार्जिंगला लावायचा आहे.