इंजिनाचा पत्ता

नवे इंजिन खोक्यातून काढून रुळांवर ठेवण्याच्या आनंदात जो मनुष्य गढून गेला आहे, त्याला त्याच क्षणी एखादे रूक्ष वाटणारे काम सांगणे कोणालाही जिवावर येईल, हे मी जाणतो. तरीही या सदराच्या वाचकांना माझा आग्रह असा की, आपली छोटी रेल्वे डिजिटल नियंत्रणावर चालविणाऱ्याने इंजिनाचा पहिला फेरा होण्यापूर्वी त्याचा पत्ता स्वहस्ते मुक्रर करावा, आणि तो शक्यतोवर इंजिनाच्या अंगावर रंगविलेला क्रमांकच असावा. कारखान्यातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक डीकोडरात पत्ता म्हणून 3 हा आकडा घातलेला असतो. घरी एकच इंजिन असेतोवर त्याने काही बिघडत नाही. परंतु क्लबाच्या सामाईक मांडणीवर दोन सभासदांनी आपापली कोरी इंजिने एकाच वेळी उतरविली, तर एकाने थ्रॉटल फिरविताच दुसऱ्याचेही इंजिन फलाट सोडून निघते, आणि ज्याने ते थांबवावयाचे तो बहुधा त्या वेळी पाठ फिरवून डबे जोडण्यात मग्न असतो.

जुन्या पद्धतीत हा प्रश्नच नव्हता, कारण तेथे रुळांतून वाहणारी वीजच इंजिनाला हाकीत असे आणि एका मार्गावर दोन इंजिने वेगवेगळी चालवावयाची तर मार्गाचे खंड पाडून प्रत्येकाला निराळा स्विच द्यावा लागे. जर्मनीतील गीसेन येथील बेर्न्ट लेन्झ यांच्या संस्थेने 1980 च्या दशकाच्या अखेरीस जी पद्धत सिद्ध केली, आणि पुढील दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने जी प्रमाण म्हणून स्वीकारून सर्व निर्मात्यांना खुली केली, त्या डीसीसी पद्धतीत रुळांवर वीज सदैव पूर्ण दाबाने असते आणि तिच्याच उलटसुलट स्पंदनांतून हुकूम जातात: अर्धे स्पंदन 58 मायक्रोसेकंदांचे असले तर एक, 100 किंवा अधिक मायक्रोसेकंदांचे असले तर शून्य. गावात दवंडी पिटली की ती साऱ्यांच्या कानी पडते, पण ज्याचे नाव पुकारले तोच चावडीवर जातो. तसेच येथे प्रत्येक हुकूम प्रत्येक डीकोडराला ऐकू येतो, आणि ज्याचा पत्ता त्यात आहे तेवढाच तो पाळतो. सारी व्यवस्था त्या पत्त्यावर उभी आहे.

तो पत्ता कसा घडतो, हे एकदा मुळापासून पाहणे मला अगत्याचे वाटते. हुकुमाच्या पहिल्या बाइटात 0 ते 255 एवढ्याच संख्या मावतात. त्यांपैकी 0 ही सर्वांना उद्देशून आहे. 1 ते 127 हे लहान पत्ते. 128 ते 191 हा प्रदेश सांधे, सिग्नल अशा स्थावर उपकरणांकडे दिलेला. आणि 192 ते 231 यांपैकी संख्या आली की समजावे, पत्ता येथे संपला नाही, पुढील बाइटही त्याचाच आहे. अशा 40 संख्या आणि प्रत्येकीमागे 256 शक्यता, म्हणून मोठ्या पत्त्यांची हद्द 10239 वर थांबते. थ्रॉटलवर मात्र बहुधा चारच आकडे उमटतात, म्हणून व्यवहारात 9999. मार्कलिनच्या 1980 च्या दशकातील पद्धतीत डीकोडरावरील बारीक स्विच सरकवून पत्ता ठरवीत, आणि सगळे मिळून पत्ते 80 होते, हे आठवले म्हणजे या विस्ताराचे मोल कळते.

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चे उदाहरण घेऊ. 1923 मध्ये डॉन्कास्टरला बांधलेल्या या इंजिनाचा सर्वांत ख्यातनाम क्रमांक 4472. त्याला 256 ने भागिले असता भागाकार 17 आणि बाकी 120 येते. 17 मध्ये 192 मिळविले की 209. डीकोडराच्या स्मृतीतील कप्प्यांना सारे जण सीव्ही म्हणतात. त्यांतील 17 व्या कप्प्यात 209 आणि 18 व्यात 120 लिहावयाचे. एवढ्याने भागत नाही. मोठा पत्ता मानावा की 1 ल्या कप्प्यातील लहान, याचा निर्णय सीव्ही 29 कडे असतो, आणि त्यातील मूल्यात 32 मिळविल्यावाचून, म्हणजे सामान्यतः 6 चे 38 केल्यावाचून, नवा पत्ता अमलात येत नाही. आजची कमांड स्टेशने हे गणित आपणहून उरकतात हे खरे; पण एखादे इंजिन अकस्मात मुके झाले असता, ज्याला हे ठाऊक आहे तो 29 वाचून पाहतो, तेथे 38 ऐवजी 6 दिसताच इंजिन अजून जुन्या लहान पत्त्यावर बसले आहे हे ओळखतो, आणि ज्याला ठाऊक नाही तो बिचारा इंजिन दुरुस्तीला धाडतो.

पत्ता लिहिण्याच्या हुकुमावर मात्र कोणाचाच पत्ता नसतो. रुळांवर जेवढी इंजिने असतील तेवढी सारी तो शिरोधार्य मानतात, आणि म्हणूनच या कामासाठी मुख्य मार्गापासून दोन्ही रूळ तोडून वेगळा केलेला एक तुकडा असावा, याविषयी मी तडजोड करणार नाही. इंजिनाने दिलेली पोच पाहावयाची तीही तेथेच. डीकोडर क्षणभर, म्हणजे सुमारे 6 मिलिसेकंद, 60 मिलिअँपिअर तरी जादा वीज ओढतो, आणि ती बहुधा मोटरीतूनच ओढली जात असल्यामुळे इंजिन दचकल्यासारखे केसभर हलते. सीव्ही वाचावयाचा असला की कमांड स्टेशन एकेक बिट विचारीत जाते आणि प्रत्येक होकारासरशी ते हलते. ते निश्चल राहिले तर प्रथम चाके पुसावीत, मग मोटरीकडे जाणाऱ्या तारा तपासाव्यात. दोष डीकोडरात असण्यापेक्षा त्या दोन ठिकाणीच अधिक वेळा सापडतो.

इंजिन रुळांवर ठेवताच आपली ओळख आपणच देईल अशी तजवीज मार्कलिनने 2004 मध्ये एमएफएक्स पद्धतीत केली, आणि रेलकॉमप्लसमुळे ती सोय डीसीसीतही आली. लहान मुलांच्या घरी ती मोलाची आहे, यात वाद नाही. परंतु जेथे दहा घरांतील इंजिने, निरनिराळ्या निर्मात्यांची आणि निरनिराळ्या वयाची, एकत्र येतात, तेथे ती ओळख न देणारी जुनी इंजिनेच पुष्कळ असतात. आणि चालविणाऱ्यानेही पडद्यावरील यादी चाळण्यापेक्षा इंजिनाकडे पाहून त्याचा क्रमांक थ्रॉटलवर दाबणे अधिक शोभते, कारण खऱ्या स्थानकावरही ते त्याच क्रमांकाने ओळखले जाते.

यात अडचणी आहेत. हेच ‘स्कॉट्समन’ 1946 मध्ये 103 झाले. पण 103 हा आकडा लेन्झच्या पद्धतीत मोठा पत्ता समजला जातो, कारण तेथे लहान पत्ते 99 वर संपतात. डिजिट्रॅक्सच्या पद्धतीत तो लहान ठरतो, कारण तेथे ती मर्यादा 127 आहे. आणि एकीकडे लिहिलेले इंजिन दुसरीकडे हाकेला ओ देत नाही. 100 ते 127 हा पट्टा प्रत्येक क्लबाने मोकळाच ठेवावा. राष्ट्रीयीकरणानंतर त्या इंजिनावर 60103 हा क्रमांक आला, तो तर मावतच नाही. तेथे पहिला आकडा आणि शेवटचे तीन घेऊन 6103 करावे, असे मी सुचवितो. आपल्याकडील विद्युत् इंजिनांनाही हीच युक्ती लागू पडते, पण जपून: डब्ल्यूएपी-7 वर्गातील 30245 आणि डब्ल्यूएजी-9 वर्गातील 31245 या दोहोंचेही अशाने 3245 होईल. म्हणून क्लबाच्या कपाटात एक नोंदवही हवी. तिच्यात रंगविलेला क्रमांक, दिलेला पत्ता, डीकोडराचा निर्माता, सीव्ही 29 चे मूल्य आणि मालकाची सही, एवढे रकाने पुरेत, आणि नवा पत्ता लिहिण्याआधी त्या वहीशी रुजवात घेतल्यावाचून कोणीही प्रोग्रॅमिंगच्या रुळाला हात लावू नये.

— सांधेवाला