माफी कोणाच्या हातात? क्षमादानाचा अधिकार आणि कायद्याचे राज्य

जन्मठेपेचा कैदी मुदतीआधी सुटला किंवा एखाद्याची फाशी रद्द झाली, अशी बातमी आली की आपल्याकडे पारावर दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, "सरकार त्यांचेच, मग सुटणारच." दुसरे, "वरून सही झाली, आता कोण काय करणार?" पहिल्या मतात राग आहे आणि दुसऱ्यात हताशपणा. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत. क्षमादानाचा अधिकार फार मोठा असला तरी तो कोणाच्या मर्जीचा नाही. त्याला हद्द आहे, आणि ती आखणारे काही महत्त्वाचे खटले आपल्या अवतीभवतीचेच आहेत. मंडळाच्या सभासदांनी, विशेषतः तरुणांनी, ते समजून घ्यावेत म्हणून हा लेख.

हुजुरांची मर्जी ते राज्यघटनेचे कलम

बिदर-कलबुर्गीच्या आपल्या जुन्या पिढीने निजामाचे राज्य पाहिले. तिथे शिक्षा आणि माफी या दोन्हींत शेवटचा शब्द हुजुरांचा असे. फर्मान निघाले की विषय संपला. १९४८ साली ते राज्य गेले आणि २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली. घटनेने माफीचा अधिकार मोडीत काढला नाही. न्यायाधीशही माणूसच असतो, पुरावा अपुरा पडू शकतो, आणि कायद्याच्या चौकटीत न बसणारी माणुसकीची कारणे असू शकतात, हे घटनाकारांना ठाऊक होते. म्हणून कलम ७२ ने राष्ट्रपतींना आणि कलम १६१ ने राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा, कमी करण्याचा, तहकूब ठेवण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार दिला. फाशीच्या प्रत्येक प्रकरणात राष्ट्रपतींकडे दाद मागता येते.

मात्र हुजूर आणि राष्ट्रपती यांत मोठा फरक आहे. राष्ट्रपती किंवा राज्यपाल स्वतःच्या मनाने माफी देत नाहीत. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने देतात. १९८० च्या मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट केले, आणि कोणताही सार्वजनिक अधिकार मनमानीपणे वापरता येत नाही, हेही बजावले. म्हणजे माफीच्या कागदावर सही एकाची असली तरी जबाबदारी निवडून आलेल्या सरकारची असते. ज्याची जबाबदारी असते त्याला जाब विचारता येतो.

नानावटी प्रकरण: घाई नडली

पहिला मोठा पेच मुंबईत पडला. १९५९ साली नौदलाचे कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळी घातली. ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले, पण मुंबई उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप सुनावली. त्याच दिवशी मुंबईच्या राज्यपालांनी ती शिक्षा तहकूब केली. सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत नानावटी तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहतील, असा हुकूम निघाला.

सप्टेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की अपील न्यायालयापुढे असताना राज्यपालांना असा हस्तक्षेप करता येणार नाही. खटला चालू आहे तोवर शिक्षा स्थगित करायची की नाही, हे न्यायालय ठरवील. पुढे १९६१ मध्ये अपील फेटाळले गेले आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. ती माफी योग्य होती का, यावर आजही वाद घालता येईल. पण पहिली मर्यादा तेव्हाच पक्की झाली: न्यायालयाचे काम चालू असताना माफीने मध्ये घुसायचे नाही.

"चांगला कार्यकर्ता" हे कारण नव्हे

दुसरे प्रकरण शेजारच्या आंध्र प्रदेशातले. कर्नूल जिल्ह्यातील गौरू व्यंकट रेड्डी यांना खुनाच्या प्रकरणात दहा वर्षांची शिक्षा झाली होती. २००४ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. त्यांच्या पत्नी सत्ताधारी काँग्रेसच्या आमदार झाल्या आणि पतीच्या माफीसाठी त्यांनी अर्ज केला. ऑगस्ट २००५ मध्ये उरलेली शिक्षा माफ झाली. त्या वेळी आंध्रचे राज्यपाल होते आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे.

मारले गेलेल्या माणसाचा मुलगा, एपुरू सुधाकर, थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. फाईल उघडली तेव्हा माफीसाठी तयार केलेल्या अहवालात कैद्याची एक पात्रता लिहिलेली सापडली: तो "चांगला काँग्रेस कार्यकर्ता" आहे. राजकीय वैरातून त्याला शिक्षा झाली, असाही सूर त्यात होता. म्हणजे न्यायालयांनी पुरावा तपासून दिलेला निकाल एका अहवालाने परस्पर खोडून काढला होता.

११ ऑक्टोबर २००६ रोजी न्या. अरिजित पसायत आणि न्या. एस. एच. कपाडिया यांनी ही माफी रद्द केली आणि अर्जाचा नव्याने विचार करायला सांगितले. जात, धर्म किंवा पक्षनिष्ठा पाहून माफी देता येणार नाही, आणि राजकीय सोयीसाठी कायद्याच्या राज्याचा बळी देता येणार नाही, असे या निकालाने ठामपणे सांगितले. माफीचा हुकूम केव्हा तपासता येतो, याची यादीही त्यात आहे: विचार न करता सही झाली असेल, हेतू वाईट असेल, गैरलागू गोष्टी पाहून निर्णय झाला असेल, महत्त्वाची कागदपत्रे दडवली असतील किंवा निर्णय मनमानी असेल.

यात न्यायालय राज्यपालांच्या खुर्चीत बसत नाही, हे लक्षात घ्यायला हवे. दया दाखवायची की नाही, हे ते ठरवत नाही. ती दया कोणत्या वाटेने आली, एवढेच पाहते. वाट सरळ असेल तर निर्णय आपल्याला आवडो न आवडो, तो टिकतो. वाट वाकडी असेल तर सही कितीही मोठी असली तरी पडते.

बिल्किस बानो प्रकरण आणि महाराष्ट्राचा संबंध

हाच मुद्दा अलीकडे बिल्किस बानो प्रकरणात आला. २००२ च्या गुजरात दंगलीत त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला आणि कुटुंबातील माणसे मारली गेली. निष्पक्ष सुनावणीसाठी खटला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईला हलवला. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्या अकराही जणांना मुदतीआधी सोडले.

ही घटनेच्या कलम ७२ किंवा १६१ खालची माफी नव्हती. फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार सरकार शिक्षेत जी सूट देते, त्यातला हा प्रकार होता. पण प्रश्न तोच होता. कायदा सांगतो की ज्या राज्यात शिक्षा झाली, त्या राज्याच्या सरकारला सूट देण्याचा अधिकार आहे. शिक्षा मुंबईत झाली, म्हणजे अधिकार महाराष्ट्राचा. ८ जानेवारी २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. उज्ज्वल भुइयां यांनी गुजरातचा हुकूम रद्द केला आणि अकराही जणांना दोन आठवड्यांत तुरुंगात हजर व्हायला सांगितले. आधीचा एक आदेश न्यायालयापासून माहिती दडवून मिळवला गेला होता, असेही त्यांनी नोंदवले. एक पीडित स्त्री स्वतः उभी राहिली आणि सरकारचा हुकूम फिरला, ही गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगावी.

फायलीवरची धूळ

आतापर्यंत आपण घाईने किंवा ओळखीने मिळालेल्या माफीबद्दल बोललो. दुसरा रोग याच्या उलट आहे. तो म्हणजे अर्ज वर्षानुवर्षे न वाचणे. ज्याच्यामागे आमदार नाही, वकील नाही, त्याची फाईल टेबलावरून टेबलावर फिरत राहते.

आपल्याच राज्यातले उदाहरण पाहा. बागलकोट जिल्ह्यातील खटल्यात फाशी झालेला एक कैदी २००७ मध्येच बेळगावच्या तुरुंगात मरण पावला होता. त्याची फाशी रद्द केल्याचा राष्ट्रपतींचा निर्णय जून २०१२ मध्ये झाला. कैदी जिवंत आहे की नाही, एवढेही कागदांना ठाऊक नव्हते! बेळगावच्याच हिंडलगा तुरुंगात वीरप्पनचे चार साथीदार होते. त्यांचे दयेचे अर्ज सुमारे नऊ वर्षे पडून राहिले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये फेटाळले गेले. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासह १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. गळ्यात दोर अडकवून माणसाला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवणे ही कायद्यात नसलेली वेगळी शिक्षा आहे, असा त्यामागचा विचार.

कोल्हापूरचे गावित बहिणींचे प्रकरण तर महाराष्ट्राला हादरवणारे. लहान मुलांचे अपहरण आणि खून. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. तरी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ती फाशी जन्मठेपेत बदलावी लागली, कारण अर्ज निकाली काढायला सात वर्षांहून अधिक काळ लागला आणि त्यात राज्य सरकारच्या यंत्रणेची ढिलाई होती. ज्यांची मुले गेली त्या आईबापांनी हे कसे समजून घ्यायचे? उशिराचा फटका दोन्ही बाजूंना बसतो. कैदी रोज मरतो आणि पीडितांच्या घरचा न्याय कारकुनी आळसात विरघळतो. पुण्यातील २००७ च्या एका बलात्कार आणि खून प्रकरणात असेच झाले. तेव्हा ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याच्या गृहखात्यात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष नेमायला सांगितले.

राज्यपालांनाही फाईल दाबून बसता येत नाही. राजीव गांधी हत्या प्रकरणातील पेरारिवलन याच्या सुटकेची शिफारस तमिळनाडू मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये केली होती. निर्णय होईना, तेव्हा १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच त्याला मुक्त केले.

अमेरिकेकडे पाहिले तर

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तिथल्या बातम्याही त्यांनी पाहिल्या असतील. डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी स्वतःच्या मुलाला माफी दिली. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी पदावर येताच, ६ जानेवारी २०२१ च्या संसद भवनावरील हल्ल्यातील सुमारे १,५०० जणांना माफी दिली. पक्ष दोन, पण प्रश्न एकच: आपल्या माणसांना सोडवण्यासाठी हा अधिकार आहे का? तिथे हा अधिकार एकट्या अध्यक्षांचा आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक नाही आणि न्यायालयालाही त्यात फारसे शिरता येत नाही. या बाबतीत आपली घटना अधिक सावध आहे, हे आपण अभिमानाने म्हणू शकतो. पण सावध घटनेलाही जागे नागरिक लागतात.

नवा कायदा आणि आपले काम

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४७२ मध्ये फाशीच्या कैद्याच्या दयेच्या अर्जासाठी मुदती ठरवल्या आहेत. अपील फेटाळल्याचे तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. राज्यपालांनी तो फेटाळला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे जायचे. राज्याचे म्हणणे आल्यावर केंद्रानेही ६० दिवसांत शिफारस करायची. फायलीवरची धूळ झटकायला याचा उपयोग होईल, आणि त्याचे आम्ही स्वागत करतो.

मात्र त्याच कलमात असेही म्हटले आहे की राष्ट्रपतींच्या निर्णयाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात अपील नाही आणि तो निर्णय कसा झाला याची चौकशी न्यायालयात होणार नाही. हे आम्हाला खटकते. एपुरू सुधाकर खटल्यात फाईल उघडली नसती तर "चांगला कार्यकर्ता" हा शेरा कधी कळलाच नसता. घटनेने न्यायालयांना दिलेला तपासणीचा अधिकार साध्या कायद्याने काढता येत नाही, असे आमचे मत आहे. शेवटी हे सर्वोच्च न्यायालयच ठरवील.

बसवण्णांच्या कल्याणाशेजारी वाढलेल्या आपल्या लोकांना दयेचे मोल सांगायला नको. आमचा विरोध दयेला नाही. वशिल्याला आहे आणि विसरभोळ्या कारभाराला आहे. दया गरिबालाही त्याच नियमाने मिळाली पाहिजे आणि ती देताना पीडितांच्या घरचे म्हणणे कानावर घेतले पाहिजे.

म्हणून सभासदांसाठी तीन गोष्टी. तुरुंगात असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. त्यासाठी बिदर किंवा कलबुर्गीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. पीडित कुटुंबाला एखादी माफी गैर वाटली तर उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे, आणि आपल्यासाठी त्याचे खंडपीठ कलबुर्गीतच आहे. तिसरी गोष्ट आपल्या भाषेची. घटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. कन्नड येत नाही म्हणून गप्प बसायचे कारण नाही. आपले म्हणणे मराठीत लिहा, पण वेळेत लिहा आणि पोच घ्या.