पाप कोणाचे?



हजिऱ्याच्या कारखान्यांत पोटासाठी आलेल्या एखाद्या कुटुंबातील लेकरू वरचेवर न्यूमोनियाने अंथरूण धरते, आणि शेजारीपाजारी पुटपुटतात, "कोणाचे पाप हे?" जन्मांधाविषयी शिष्यांनी हेच विचारले असता प्रभूने तो आरोप साफ नाकारला.

दोष कधी पेशीत असतो. एपीडीएस या दुर्मिळ आनुवंशिक विकारात रोगप्रतिकारक पेशींतील एक विकर, म्हणजे एन्झाइम, अखंड चेतलेले राहते. त्यामुळे पेशी थकतात व रोगजंतूंचे फावते. त्या विकरालाच लगाम घालणारे लेनिओलिसिब हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. परंतु निदानावाचून औषध व्यर्थ. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्थेत अशा विकारांची तपासणी होते.

आईबापांनो, लाज सोडा, लेकराला न्या. शेजाऱ्यांनो, बोल लावण्याऐवजी गाडीभाड्यास हातभार लावा.