यादीनं कुणी मरत नाही!

आमच्या घरात याद्यांना तोटा नाही. धोब्याची वही आहे, वाणसामानाची आहे. आणि माझ्या लग्नात कोणी स्टीलचा तांब्या दिला नि कोणी नुसताच आशीर्वाद, हे सांगणारी आहेराची वही तर आईनं थेट देवघरात ठेवली आहे. साध्या वाटीवरसुद्धा नाव नि तारीख कोरलेली! पण घरात मोलाचं काय आहे, ते कुठं आहे आणि पुढं कुणाला द्यायचं, हे लिहायला बसा. सगळ्यांचे चेहरे तेराव्याला आल्यासारखे होतात. "असलं अभद्र बोलू नये!"

नाही बोललो. नाना मात्र गेलेच.

नाना हौशी सुतार. त्यांच्या पेटीत रंधे, पटाश्या, गिरमिट. कुठलं हत्यार किती मोलाचं, हे फक्त त्यांच्या डोक्यात. वर्षभरानं माळा आवरताना मी अख्खी पेटी किलोवर भंगारात घातली. महिन्यानं एक म्हातारा मिस्त्री दारात. म्हणाला, "साहेब, तो लोखंडी रंधा नानांकडं कितीदा मागितला. म्हणायचे, नातवाला ठेवलाय."

मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार?

"आमचा विमा आहे की!" म्हणणाऱ्यांनी फार खूश होऊ नये. 2021 पासूनच्या 'भारत गृह रक्षा' विम्यात घराबरोबर साध्या सामानालाही संरक्षण मिळतं खरं. दागिन्यांसारख्या मौल्यवान चिजांसाठी ते वेगळं घ्यावं लागतं. आणि नेमकं काय गेलं, हे सांगायचं तुम्हीच. तिथं हुंदके चालत नाहीत, पावत्या नि फोटो चालतात.

तेव्हा वही काढा. वस्तू, खूण, किंमत, पावती, फोटो. एक प्रत घराबाहेर ठेवा. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, तेव्हा पुण्यात घरंच्या घरं गेली. कपाटातली यादी कपाटाबरोबरच वाहून जाते. कुणाला काय, हे मात्र रीतसर मृत्युपत्रात लिहा. त्याला नोंदणीची सक्ती नाही. तुमची सही नि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. आहेराच्या वहीला आपण दोनशे गोळा करतो!

मी सुरुवात केली आहे. पहिली ओळ : 'लोखंडी रंधा, एक. नातवासाठी.' पुढं किमतीच्या रकान्यात लिहिलं : 'किलोवर गेला.'