घाबरलेल्या माणसासोबत कोण जाणार?

बैठकीत एखादा माणूस तक्रार द्यायला कचरला, की कुणीतरी लगेच ऐकवतो: मोमिन अल्लाहशिवाय कुणाला घाबरत नाही. वाक्य खरं आहे. पण ते ज्या तोऱ्यात फेकलं जातं, त्याने समोरचा अधिकच गप्प होतो. त्याला पोलीस ठाण्याची धास्ती होतीच, आता वर आपलं ईमान कच्चं असल्याची शरमही.

हजरत मूसा (अ.स.) यांना फिरऔनच्या दरबारात जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी काय केलं? आपल्या हातून त्या लोकांपैकी एक जण मारला गेला आहे, ते आपल्याला ठार करतील, ही भीती त्यांनी अल्लाहसमोर बोलून दाखवली. जीभ अडखळते हेही सांगितलं. भाऊ हारून जास्त चांगलं बोलतात, त्यांना सोबत द्या, अशी मागणी केली. ताहा, शुअरा आणि कसस या सूरहांत हा प्रसंग येतो. या भीतीबद्दल त्यांना फटकारलं गेलं नाही. भाऊ दिला गेला. पुढे जादूगारांनी दोऱ्या आणि काठ्या टाकल्या, तेव्हाही मूसांच्या मनात भय दाटलं, हे कुरआन लपवत नाही. एवढं आश्वासन मिळूनही भीती गेलेली नव्हती. पण ते मैदानातून हलले नाहीत.

(माझ्या सॉफ्टवेअरच्या कामात अलर्ट बंद केला म्हणून सर्व्हर सुधारत नाही. भीतीचंही तसंच आहे. नोकरी, घरमालक, म्हातारे आईवडील यांचा विचार करून तरुण घाबरत असेल, तर त्याचा हिशेब चुकीचा नसतो.)

शिवाय भीती फक्त बाहेरच्यांची नसते, मोहल्ल्याचीही असते. यावर आपण कमी बोलतो. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. दलवाईंची सगळी मतं आपल्यातल्या अनेकांना मान्य नाहीत, मलाही नाहीत. पण मोर्चा संपल्यावर त्या बायकांना परत जायचं होतं ते आपल्याच नातलगांत. सात म्हणजे फारच थोड्या, असं म्हटलं जातं. मला त्यात उलटं दिसतं: एकटीला जे झेपलं नसतं, ते सातजणींना झेपलं. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला तो 22 ऑगस्ट 2017 रोजी. मधे 51 वर्षं गेली.

म्हणून शाखांना माझी सूचना साधी आहे. ‘घाबरू नकोस’ म्हणण्याऐवजी दोन नावं द्या: तक्रारदारासोबत ठाण्यात कोण जाणार, आणि रात्री त्याच्या घरी फोन कोण करणार. तक्रारदार महिला असेल तर सोबत एक तरी बाई हवी. जाणाऱ्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 माहीत असावं. दखलपात्र गुन्ह्याच्या एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ठाण्यात नोंद नाकारली, तर तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. पोचपावती जपून ठेवावी.

पुण्याच्या यादीत माझं नाव घाला. शनिवार-रविवार कधीही, इतर दिवशी संध्याकाळी सातनंतर.