पहिला नंबर कोणाचा?

साक्षगंध होते अकोल्याला, माझ्या भावाच्या मोठ्या मुलीचे. २०२५ची दिवाळी नुकतीच सरली होती. पाहुणे मूर्तिजापूरचे. वंदना झाली, अंगठ्या झाल्या, जेवणे उरकली, पाहुणे संध्याकाळच्या गाडीने परत गेले. घरात उरलो आम्ही अकरा जण. रात्री लाईट गेली, टी.व्ही. बंद पडला, पोरांच्या मोबाईलची बॅटरी उतरली आणि चार नातेवाईक अंधारात बसले की जे होते तेच झाले. वाद.

निमित्त 'कांतारा'चे. त्याचा नवा भाग २ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याच्या दिवशी लागला होता. त्या दिवशी आपली माणसे दीक्षाभूमीच्या वाटेवर असतात, म्हणून भावाने तो आठ दिवसांनी पाहिला. म्हणाला, "पयल्याची सर नाई याले. बावीस साली त्याच्यावानी दुसरा पिच्चरच नाई आला. एक नंबर."

"एक नंबर कसा काय?" धाकटी भाची उठूनच बसली. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यासमोर कोणी 'एक नंबर' म्हटले की पुरावा मागते.

मग ठरले की सन २०२२च्या सिनेमांचे नंबर आजच लावायचे. ते वर्षही तसेच होते. २०२१च्या ऑक्टोबरात राज्यातल्या टॉकीज अर्ध्या खुर्च्यांवर उघडल्या, २०२२च्या एप्रिलमध्ये कोरोनाचे सगळे निर्बंध उठले, आणि दोन वर्षे अडलेले सिनेमे धरणाचे दार उघडावे तसे एकदम आले. माणसेही घरात बसून कंटाळलेली होती.

पहिले भांडण वर्षावरूनच. भाची म्हणाली, आधी ठरवा की वर्ष कोणते धरायचे. राष्ट्रीय पुरस्कारवाले सेन्सॉरच्या सर्टिफिकेटचे साल पाहतात. त्यामुळे 'गोष्ट एका पैठणीची' हा सिनेमा टॉकीजला आला डिसेंबर २०२२मध्ये, पण त्याला पुरस्कार मिळाला तो २०२० सालचा. आणि २०२२ सालचा उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला 'वाळवी', जो लोकांनी पाहिला २०२३च्या जानेवारीत. वहिनी म्हणाल्या, "हे त अधिकमासापेक्षाबी अवघड हाये." शेवटी ठराव पास झाला की टॉकीजला ज्या दिवशी लागला तेच त्याचे साल. याचा फायदा वहिनींना झाला. त्यांचा 'वेद' ३० डिसेंबरला लागलेला, दोन दिवसांनी वाचला.

आमच्या घरच्यांचा हिशेब वेगळाच. अमरावती हे एके काळी सी.पी.-बेरार सर्किटच्या सिनेमा वितरकांचे गाव. आमच्या चौकांची नावे सुद्धा राजकमल, चित्रा, श्याम, अशी टॉकीजची. त्यामुळे त्यांच्या वयाच्या अमरावतीकराला सिनेमा चांगला की वाईट हे विचारायचे नसते, किती आठवडे चालला ते विचारायचे असते. त्यांच्या मते पहिला नंबर 'के.जी.एफ.'च्या दुसऱ्या भागाचा किंवा 'आर.आर.आर.'चा. गर्दी खोटे बोलत नाही म्हणे. मी त्यांना आठवण दिली की तो 'के.जी.एफ.' लागला १४ एप्रिलला आणि त्या दिवशी ते स्वतः मिरवणुकीत निळा फेटा बांधून नाचत होते, टॉकीजकडे फिरकलेही नव्हते. मग ती गर्दी कोणाची?

मोठ्या भाचीने, म्हणजे नवरीने, 'गंगूबाई काठियावाडी' सांगितला. त्यातली ती बाई वस्तीतल्या पोरींना शाळेत घालायला नेते आणि शाळा त्यांना बाहेर काढते, एवढा एक प्रसंग तिला पुरला. मावस दिराने 'पावनखिंड' म्हटले. तरुण पोरांनी 'चंद्रमुखी'तल्या चंद्रा गाण्याला वेगळा नंबर द्या म्हणून गोंधळ घातला. गाण्याला नंबर नाही असे सांगून त्यांना गप्प केले.

खरी जुंपली ती 'कांतारा'वर. भाऊ एम.आय.डी.सी.तल्या डाळमिलमध्ये हमाली करतो, पण आमच्या बापाने जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबून घर चालवले. जमिनीचे नाव निघाले की भावाचा आवाज बदलतो. कर्नाटकातल्या जंगलाकाठचे गाव, राजाने पूर्वी गावाला दिलेली जमीन, आणि त्याच घराण्याचा आजचा मालक गोड बोलून ती परत घेऊ पाहतो. भाऊ म्हणाला, "हा आपल्याच घरचा पिच्चर हाये. मालक शिव्या देत नाई, खांद्यावर हात ठेवते. तसाच असते तो." ऋषभ शेट्टीला त्या कामासाठी पुढे उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हेही त्याने ठणकावून सांगितले.

भाची म्हणाली, "बाबा, मालकापर्यंत तुमचं बरोबर हाये. पण शेवटी होते काय? देव अंगात येते अन् जमीन वाचते. तुमच्या बापाच्या अंगात कोणता देव आला असता? तलाठ्याकडं सातबारा पाह्यला असता त समजलं असतं."

भाऊ थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तलाठ्यावर पिच्चर काढला त पाहाले येईल कोण?" सगळे हसले, पण मला त्याचे म्हणणे हसण्यासारखे वाटले नाही. सातबारा ज्यांच्या नावावर कधी नव्हताच, त्यांना अडीच तास तरी कोणीतरी न्याय करताना दिसले.

भाचीचा स्वतःचा पहिला नंबर होता पा. रंजित यांचा तामिळ 'नचत्तिरम नगरगिरदु'. ऑगस्टच्या शेवटी आलेला. नाटकवाल्या पोरापोरींची मंडळी, त्यातली रेने नावाची मुलगी आपण आंबेडकरवादी आहोत असे तोंडावर सांगते, प्रेमातही जात कशी शिरते यावर भांडते. आमच्यापैकी तिच्याशिवाय कोणी तो पाहिलेला नव्हता. एकटीने पाहिलेल्या सिनेमाला नंबर कसा द्यायचा, यावर पुन्हा अर्धा तास गेला.

माझा नंबर मी सांगितला. 'झुंड'.

नागराज मंजुळे यांचा हा पहिला हिंदी सिनेमा. ४ मार्च २०२२ला लागला. गोष्ट आपल्या विदर्भातली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली आणि त्यांना फुटबॉल दिला, त्यावरून. अमिताभ बच्चन बोराडे सर झाले आणि पोरे बहुतेक नागपूरच्या वस्त्यांतली, कधी कॅमेरा न पाहिलेली. आम्ही जाऊ जाऊ म्हणेपर्यंत पुढच्याच शुक्रवारी 'द काश्मीर फाइल्स' आला आणि गावभर त्याचीच चर्चा. चौघांचे तिकीट म्हणजे दोन दिवसांची मजुरी, हाही विचार होताच. मेमध्ये 'झुंड' झी फाइव्हवर आला तेव्हा पाहिला. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवलेला आणि समोर पाच डोकी. त्यात जयंतीची वर्गणी आहे, जयंतीचा नाच आहे, आणि हिंदी सिनेमाचा सगळ्यात मोठा नट बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभा आहे. आमच्या सासूबाईंनी मोबाईललाच हात जोडले.

दोष आहेत, मी झाकत नाही. जवळजवळ तीन तासांचा आहे. मॅच संपल्यावर सिनेमाही संपला असे वाटते आणि तो पुढे चालतच राहतो. भाचीने त्याहून मोठा दोष काढला. "आत्या, आपल्या पोट्ट्यांना उभं कराले दर टायमाले बाहेरचा सरच काऊन लागते?"

मी म्हटले, बारसे सर खरे आहेत, ते लेखकाने बनवलेले नाहीत. पण तिचा प्रश्न त्याने मिटत नाही, हे मलाही कळत होते. म्हणून मी तिला मोनिकाची आठवण दिली. रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी. पासपोर्ट काढायचा तर ती 'ती'च आहे याचा कागद हवा, आणि त्या कागदासाठी बापलेक या दारातून त्या दारात फिरतात. तिथे सर नाहीत. वहिनी लगेच म्हणाल्या, "जातीच्या दाखल्याले, मंग व्हॅलिडिटीले, आपण अशेच फिरलो न." पन्नास सालापूर्वीचा पुरावा शोधत त्या माहेरच्या गावच्या शाळेत तीनदा जाऊन आल्या होत्या. ज्या मधल्या भागाला सगळे लांबण म्हणत होते, तो त्यांना एकदम पटला.

शेवटी चिठ्ठ्या टाकायचे ठरले. मेणबत्ती लावली, बुंदीच्या रिकाम्या डब्यात अकरा चिठ्ठ्या पडल्या. मोजल्या. 'कांतारा' चार, 'झुंड' तीन, 'आर.आर.आर.', 'पावनखिंड' आणि 'गंगूबाई' एकेक. वहिनींनी ऐनवेळी 'वेद' सोडून 'झुंड' लिहिला होता. एक चिठ्ठी कोरी.

कोरी कोणाची ते विचारावे लागले नाही. भाचा, नवरीचा पाठचा भाऊ, सगळा वेळ दाराजवळ बसून होता, एक शब्द बोललेला नव्हता. कबड्डी खेळतो. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पाचला धावतो. तीन वर्षांपूर्वी मैदानावर दोन गटांची मारामारी झाली, हा सोडवायला गेला की मारायला, देव जाणे. पण नाव लिहिले गेले. केस चालू आहे. तारखेमागून तारीख.

मी विचारले, "तुले 'झुंड' नाई आवडला का रे?"

तो म्हणाला, "आवडला ना. पण शेवटचा अर्धा तास मी पाहत नाई आता. त्याच्यात डॉनवर केस राह्यते, पासपोर्ट अडते, मंग सर कोर्टात उभे राह्यतात अन् साहेब त्याले जाऊ देतात. विमानतळावर तो खिशातलं पातं काढून फेकते. मी बी फेकलं असतं, आत्या. पण माह्या खिशात त काईच नवतं."

त्यावर कोणी बोलले नाही. भाऊ उठून बाहेर गेला, बहुतेक बिडी ओढायला.

वाचक भगिनींनो, हे इथे सांगायचे कारण असे की भरतीच्या फॉर्मवर केस लपवा असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आमच्याही घरी एक जण देऊन गेला होता. तसे करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात यावर सविस्तर निकाल दिला आहे. माहिती दडवली तर लागलेली नोकरीही जाऊ शकते. खरे लिहिले आणि केस किरकोळ असली, तर अधिकाऱ्याला तिचा विचार करण्याची मुभा आहे. मुभा आहे, हमी नाही, हेही पोरांना सांगावे लागते. मी त्याला त्याच रात्री सांगितले. तो म्हणाला, वकिलानेही हेच सांगितले.

लाईट पहाटे आली. भाचीने निकाल वहीत नीट उतरवला होता. १ कांतारा, २ झुंड, बाकीचे एकेका मताचे. कोऱ्या चिठ्ठीचे काय करायचे ते तिला कळेना, म्हणून तिने खाली 'एक मत राखून ठेवले' असे लिहिले. भाऊ सकाळी चहा घेताना म्हणाला, माह्यावालं एक मत काढून 'झुंड'ले लावा. आमचे घरचे म्हणाले, मतमोजणी झाल्यावर असे चालत नाही. आम्ही दहाच्या गाडीला निघालो तेव्हाही ते दोघे यावरच बोलत होते. भाचा आम्हाला स्टेशनवर सोडायला आला. पुढची तारीख विचारली तर म्हणाला, सोमवारी.