डोळा मिटला, स्मृतीही मिटावी?

किनाऱ्यावरची तोफ कितीही प्रचंड असली तरी ती आंधळीच असते. तिच्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी पाहावे लागते. हाँगकाँग बेटाच्या पश्चिम टोकाला माउंट डेव्हिस नावाची 269 मीटर उंचीची टेकडी आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काही वर्षांत ब्रिटिशांनी तेथे 9.2 इंची पाच तोफा बसविल्या. त्यांच्या एकेका गोळ्याचे वजन सुमारे 170 किलो होते. या तोफांचा डोळा म्हणजे टेकडीवरची नियंत्रण चौकी. तिथून शत्रूच्या जहाजाच्या जलरेषेवर दुर्बीण रोखायची आणि नजर किती अंशांनी खाली झुकते ते मोजायचे. चौकीची उंची ठाऊक असल्याने त्या कोनावरून अंतर निघे. पुन्हा पुन्हा मोजले की जहाजाची दिशा व वेग कळे, आणि मग तोफांना दूरध्वनीवरून आज्ञा जाई.

आज तो डोळा मिटला आहे. तोफा गेल्या, उरले आहेत ते त्यांचे रिकामे चबुतरे, छप्पर नसलेल्या खोल्या आणि भिंतींना कवटाळून बसलेली झाडांची मुळे. हाँगकाँगच्या शासनाने या अवशेषांची दुसऱ्या श्रेणीची ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद केली आहे.

परक्या साम्राज्याच्या या पडक्या भिंतींशी आपला संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. 8 डिसेंबर 1941 रोजी जपानी सेना चीनच्या भूमीवरून हाँगकाँगवर चालून आली. 18 डिसेंबरच्या रात्री ती बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरली, तेव्हा तिच्यासमोर उभी होती सातव्या राजपूत रेजिमेंटची पाचवी पलटण. चौदाव्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटणही या लढाईत होती. हाँगकाँग-सिंगापूर रॉयल आर्टिलरी या तोफखान्यातील जवान तर प्रामुख्याने पंजाबातील शीख आणि मुसलमान. 25 डिसेंबरला शरणागती झाली. त्यानंतर राजपूत रेजिमेंटचे कॅप्टन मतीन अहमद अन्सारी यांनी बंदिवासात अनन्वित छळ सोसला, पण ते वाकले नाहीत. 1943 च्या ऑक्टोबरात त्यांचा शिरच्छेद झाला. साई वान येथील युद्धस्मारकात भारतीय सैनिकांची नावे कोरलेली आहेत. ती वाचायला आपल्यापैकी कितीजण जातात?

त्याच हाँगकाँगमध्ये 1887 च्या एका ब्रिटिश किल्ल्यात 2000 साली सागरी संरक्षणाचे संग्रहालय उघडले. 2024 च्या सप्टेंबरात त्याचे नाव बदलले आणि त्यात जपानविरोधी प्रतिकारयुद्ध अग्रभागी आले. आपला इतिहास आपल्या दृष्टीने कसा सांगावा, हे चीनला कळते. त्या मांडणीशी कुणाचा मतभेद असेल. पण परक्याने बांधलेली भिंत पाडण्याऐवजी तिच्यावर स्वतःची कथा लिहिता येते, एवढा धडा तरी त्यातून घ्यावा.

आणि हाँगकाँग दूर वाटत असेल, तर घारापुरी जवळ आहे. लेण्यांच्या वरच्या डोंगरमाथ्यावर ब्रिटिशांच्या दोन अजस्र तोफा आजही मुंबईच्या समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. खाली भूमिगत खोल्या आहेत. पर्यटक वर चढतो, तोफेला टेकून छायाचित्र काढतो आणि उतरतो. 2025 च्या जुलैत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी यांसह 12 दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा आपण आनंदोत्सव केला. तो योग्यच होता. शिवरायांनी समुद्रावर डोळा ठेवला, म्हणून हे जलदुर्ग उभे राहिले. पुढे हा किनारा परक्यांच्या हाती गेला आणि त्यावर त्यांच्या तोफा चढल्या. वैभवाचे पान जपायचे आणि पारतंत्र्याचे फाडून टाकायचे, असे इतिहासात चालत नाही. स्वातंत्र्याची किंमत त्या दुसऱ्या पानावरच लिहिलेली असते.

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. अवशेषांची मोजमापे घेऊन नकाशे करावेत, जागेवर मराठीतून माहिती लिहावी, शाळांच्या सहली लेण्यांपाशीच न थांबता माथ्यापर्यंत न्याव्यात. आणि मुलांना सांगावे, की तोफा साम्राज्याच्या होत्या, पण त्या साम्राज्यासाठी दूर देशी मरणारे सैनिक आपले होते. साम्राज्याचा गौरव न करताही त्या सैनिकांचे ऋण मानता येते. ते मानण्याइतके मन मोठे करणे, हे स्वतंत्र राष्ट्राचे लक्षण आहे.